बिनपगारी ओव्हरटाइम

आमच्या पिंपरी-चिंचवडात फुकट काम कोणी करत नाही. हे मी तक्रार म्हणून नव्हे, अभिमानाने सांगतो आहे. पुण्याच्या पेठांतला माणूस फुकट सल्ला देतो, पत्ता विचारला तर फुकट अपमानही करतो; पण आमचे गाव भोंग्यावर वाढलेले. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग एमआयडीसी, टेल्को, आकुर्डीची बजाज आली, आणि साऱ्या मुलखातून माणसे पत्र्याची ट्रंक आणि मामाचा पत्ता घेऊन येथे उतरली. ही माणसे येथे येऊन पहिली गोष्ट कोणती शिकली असतील, तर आठ तास नेमके कुठे संपतात ही. त्यापुढचा प्रत्येक तास म्हणजे ओव्हरटाइम, आणि ओव्हरटाइम म्हणजे दुप्पट दर. १९४८ च्या कारखाना कायद्याने तो दर घालून दिला, आणि २०२५ च्या अखेरीस नव्या कामगार संहिता लागू झाल्या तरी दुप्पट ती दुप्पटच राहिली. आमच्याकडे घराचा तळमजला पगारातून होतो आणि वरचा मजला ओव्हरटाइममधून. जिना राहिला असेल तर समजावे, त्या वर्षी ऑर्डरी कमी होत्या.

अशा या शहरात हल्ली एक भयंकर प्रकार चालला आहे. धडधाकट, शिकलीसवरलेली मुले रोज रात्री जेवणे झाल्यावर दोन-दोन, तीन-तीन तास एका अमेरिकन कंपनीचे काम करतात आणि त्याचा एक छदामही घेत नाहीत. उलट स्वतःचा मोबाइल, स्वतःचा रिचार्ज आणि वडिलांची वीज वापरतात. कंपनीने त्यांना नेमलेले नाही. हजेरीपट नाही, कँटीन नाही, सुट्टीचा चहासुद्धा नाही. तरी एकही मुलगा खाडा करत नाही. हे काम म्हणजे, अजून न आलेल्या सुपरहीरोच्या सिनेमात पुढे काय होणार याचा तर्क करणे. त्याला ही मंडळी 'थिअरी' म्हणतात. आम्ही बी. कॉम.ला असताना थिअरीचा पेपर असे, पण तो निदान छापून तरी झालेला असे.

मी या प्रकाराविरुद्ध लिहायचे ठरवले आहे. सुपरहीरोंशी माझे वैर नाही, हे आधीच सांगतो. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आणि त्याच्या कवटीच्या अंगठीचा ठसा यांवर आमची पिढी पोसली गेली. 'मिस्टर इंडिया' १९८७ साली आला, तेव्हा अदृश्य होऊन गणिताच्या तासातून कसे निसटता येईल याचा मीही खूप विचार केला होता. पण अदृश्य होणे वेगळे आणि वेठबिगार होणे वेगळे.

प्रकरण काय आहे ते ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'ॲव्हेंजर्स' नावाचे एक मंडळ आहे. आपल्या गणेशोत्सव मंडळात असतात तशीच माणसे त्यातही आहेत. एक बलदंड, एक चिडका, एक नेमबाज, एक देवाशी थेट नाते सांगणारा आणि एक श्रीमंत, ज्याच्या वर्गणीवर बाकीचे चालते. हा श्रीमंत म्हणजे आयर्न मॅन. २०१९ च्या एप्रिलमध्ये 'एंडगेम' नावाचा तीन तास एक मिनिटाचा सिनेमा आला आणि त्यात हा आयर्न मॅन वारला. आमच्या घरात त्या रात्री सुतकासारखे वातावरण होते. आमचा पुतण्या जेवला नाही. घरातल्या खऱ्याखुऱ्या एका आजोबांच्या तेराव्याला हाच मुलगा चार जिलब्या जास्त खाऊन उठला होता.

बरे, गेला तो गेला. पण २०२४ च्या जुलैमध्ये कंपनीने अमेरिकेतल्या एका जत्रेत मुखवटा घातलेला एक इसम स्टेजवर उभा केला. त्याने मुखवटा काढला, तर तो आयर्न मॅनचेच काम करणारा नट, रॉबर्ट डाउनी ज्युनिअर! आता तो डॉक्टर डूम नावाचा खलनायक होणार. सिनेमाचे नाव 'डूम्सडे'. तारीख आधी १ मे २०२६ सांगितली, मग १८ डिसेंबर २०२६ केली. फ्लॅटच्या ताब्याचा अनुभव असलेल्या आमच्यासारख्यांना त्यात नवल वाटले नाही. पण मुलांच्या कामाला जी सुरुवात झाली ती तेव्हापासून. हा डूम म्हणजे मेलेला आयर्न मॅनच का? की दुसऱ्या विश्वातला आयर्न मॅन? की त्याचा नुसता चेहरा चोरलेला? पुतण्याने मला समजावून सांगितले, की विश्वे अनेक असतात आणि प्रत्येकात एकाच माणसाची वेगळी आवृत्ती असते. मला ते लगेच कळले. आमच्या बँकेत एकाच गृहस्थाची चार शाखांत चार खाती असतात, प्रत्येकात नावाचे स्पेलिंग वेगळे, आणि चारही जण एकमेकांना ओळखत नाहीत. आम्ही अशा वेळी थिअरी करत नाही. आधार कार्ड मागतो.

मग आला २०२५ चा मार्च. त्या महिन्यात एका रात्री उशिरा मी पाणी प्यायला उठलो, तर पुतण्या मोबाइलसमोर बसलेला.

"काय बघतोयस रे?"

"खुर्च्या."

"कसल्या खुर्च्या?"

"डूम्सडेच्या. एकेका खुर्चीच्या पाठीवर एकेका नटाचं नाव येतंय."

"मग बसलंय का कोणी त्यांच्यावर?"

"नाही. नुसत्या खुर्च्या."

हा कार्यक्रम पाच तासांहून अधिक चालला. सत्तावीस नावे आली. साऱ्या जगाने पाच तास रिकाम्या खुर्च्या पाहिल्या. आपल्याकडे लग्नात मांडववाला खुर्च्या लावत असताना कोणी पाच मिनिटे उभे राहून बघत नाही. त्या आठवड्यात पुतण्याची फर्स्ट शिफ्ट होती आणि कंपनीची बस पहाटे साडेपाचला चौकात येते. दोन तास झोपून तो गेला, आणि बसमध्ये बाकीची मुलेही डोळे चोळतच बसलेली होती म्हणे. पुढचे पंधरा दिवस या खुर्च्यांवर काम चालले. अमक्याची खुर्ची तमक्याच्या शेजारी का? या दोघींच्या मध्ये तो कसा? आणि ज्यांची खुर्ची आलीच नाही त्यांच्यावर तर दुप्पट विचार झाला. आमची ही सगळे ऐकून म्हणाली, "यात एवढं काय? ज्याची खुर्ची लावली नाही तो आयत्या वेळी रुसून येणार. आमच्या माहेरच्या प्रत्येक लग्नात हेच होतं." माझ्या मते जगातल्या सगळ्या थिअऱ्यांत ही सर्वात भक्कम थिअरी आहे.

तर्क करणे हा काही नवा रोग नव्हे. मेलेला माणूस परत आला की काय, हा प्रश्न महाराष्ट्राला तर फार जुना. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, पण सगळ्यांचा विश्वास बसला नाही. काही वर्षांनी 'मीच भाऊ' म्हणणारा तोतया उभा राहिला आणि घराघरांत तेच सुरू झाले, की खरा की खोटा? चेहरा तोच का? आवाज तोच का? कोकणात तर त्याने फौज जमवली, किल्ले घेतले. शेवटी १७७६ साली त्याला देहांत शासन झाले. म्हणजे डॉक्टर डूमचा मजकूर आपल्याकडे अडीचशे वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. फरक एवढाच, की तेव्हा तर्क चुकला तर किल्ला जात होता, राज्य जात होते. काहीतरी जात होते! आताच्या तर्कात तर्क करणाऱ्याची झोप सोडून काहीच जात नाही आणि बरोबर आला तरी काहीच येत नाही.

वाट पाहणेही आम्हाला नवे नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' काढले. त्यातून त्यांच्या कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने येत आणि वाचक पुढच्या अंकासाठी खोळंबून असत. आणि आकुर्डीच्या बजाज स्कूटरचे तर विचारूच नका. एके काळी नंबर लावल्यापासून स्कूटर दाराशी येईपर्यंत दहा-दहा वर्षे जात. मुलाच्या मुंजीत नंबर लावला तर लग्नात स्कूटर. पण या साऱ्या वर्षांत 'स्कूटरचं हँडल या वेळी कुठल्या बाजूला येईल?' असा तर्क करत कोणी रात्र जागवली नाही. नंबर लावायचा, पावती ट्रंकेत ठेवायची आणि सायकल मारत कामाला जायचे. त्या चेतकचे उत्पादन पुढे बंद पडले, आणि २०१९ साली ती विजेवर चालणारी होऊन परत आली. मेलेला नायक परत आला, तोही ओरिजनल नाव घेऊन. आमच्या गावचा हा खरा सीक्वेल. पण त्याच्या आधी पाच तास खुर्च्या दाखवल्या नव्हत्या.

आता मुद्द्याचे बोलतो. मी कॉमर्सचा माणूस. कोणत्याही धंद्यात मला प्रथम खर्चाची बाजू दिसते. नट पैसे घेतो, दिग्दर्शक पैसे घेतो, पोस्टर लावणारा पैसे घेतो, पॉपकॉर्नवाला तर विचारूच नका. पण सिनेमा येण्याच्या आधी दोन वर्षे त्याचे नाव रोज लाखो तोंडांत जिवंत ठेवण्याचे जे काम आहे ते करणाऱ्यांचे वेतन खर्चाच्या बाजूला शून्य! कुठल्याही कारखान्याने असा ताळेबंद दाखवला तर ऑडिटर खुर्चीवरून पडेल. जाहिरातीचे काम गिऱ्हाईकच करते, आणि करून वर तिकिटाचे पैसे देते. म्हणजे कामगाराने आठ तास मशीन चालवायचे, मग गेटवर येऊन तोच माल दुकानभावाने विकत घ्यायचा आणि साहेबाला 'थँक यू' म्हणून घरी जायचे.

आणि हे काम नुसते तोंडाने बोलण्याचे नसते. अडीच मिनिटांचा ट्रेलर आला, की त्याचे एकेक चित्र थांबवून बघायचे. मागच्या भिंतीवर कसला कागद चिकटवला आहे? डोळ्याच्या बाहुलीत कोणाची सावली पडली आहे? चिंचवडच्या एका कारखान्यात तपासणी खात्याला लावलेल्या मुलांना भिंगातून बेअरिंगवरचे चरे शोधण्याचे पैसे मिळतात. त्याच डोळ्यांनी तीच मुले घरी येऊन ट्रेलरवरचे चरे फुकट शोधतात. हे कुशल काम आहे हो! याला ग्रेड आहे!

सिनेमा संपल्यावरचा भाग तर बँकेतून उचललेला आहे असा माझा संशय आहे. आमच्या लहानपणी पडद्यावर 'समाप्त' उमटायच्या आत खुर्च्या धाडधाड मिटायच्या आणि निम्मे थिएटर रिक्षावाल्याशी घासाघीस करत असायचे. २००८ च्या 'आयर्न मॅन'पासून या कंपनीने शेवटच्या नावांनंतर एक छोटे दृश्य टाकायची प्रथा पाडली. आता सिनेमा संपला तरी कोणी उठत नाही. दहा मिनिटे परक्या देशातल्या सुतारांची, शिंप्यांची आणि हिशेबनिसांची नावे वाचत सगळे बसून असतात. मग दृश्य येते, आणि ते पुढच्या सिनेमाचे असते. आमच्याकडे याला मुदत ठेवीचे 'ऑटो रिन्यूअल' म्हणतात. मुदत संपली, ग्राहक काही बोलला नाही, की रक्कम आपोआप पुढच्या मुदतीसाठी गुंतते. फरक एवढाच, की आम्ही व्याज देतो.

या कंपनीला फुकट कामाची सवय आजची नाही. ऐका. साठच्या दशकात तिची चित्रकथांची पुस्तके निघत, आणि त्यांतल्या चुका वाचक पत्रे लिहून दाखवत. संपादक स्टॅन ली हा मोठा हुशार माणूस. चूक दाखवणाऱ्याला, आणि ती चूक मुळात चूकच कशी नाही हे पटवून देणाऱ्यालाही, त्याने एक बक्षीस जाहीर केले. बक्षिसाचे नाव 'नो-प्राइझ'. १९६७ च्या सुमाराला हे बक्षीस टपालाने घरपोच येऊ लागले. ते एक पाकीट असे. बाहेर छापलेले अभिनंदन आणि आत काही नाही. रिकामे पाकीट! आणि पोरे ते जपून ठेवत. काहींनी 'आमचे बक्षीस वाटेत कोणी काढून घेतले' अशी तक्रार केली म्हणतात. तीच तेवढी त्यांतली व्यवहारी मुले.

बाहेरच्या वाचकांचे सोडा, ज्यांनी हे सुपरहीरो जन्माला घातले त्यांचीही गत बघा. दुसऱ्या एका कंपनीचा सुपरमॅन १९३८ साली जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन पोरांनी त्याच्या साऱ्या हक्कांसह विकला तो एकशे तीस डॉलरला. बाकीच्या कामाचे पैसे धरून त्यांना चारशे बारा डॉलरचा चेक मिळाला, आणि त्यावर दोघांचीही नावे चुकलेली होती. आमच्या शाखेत आला असता तर मी परत केला असता आणि कदाचित इतिहास वाचला असता. तोच चेक २०१२ साली लिलावात एक लाख साठ हजार डॉलरला गेला. मी वीसहून अधिक वर्षे चेक हाताळतो आहे, पण रकमेपेक्षा कागदाची किंमत वाढलेला चेक हा एकच. तात्पर्य, या धंद्यात डोके चालवणाऱ्याला पैसे मिळत नाहीत. त्याने डोके चालवले त्याचा कागद सांभाळणाऱ्याला मिळतात.

कोणी म्हणेल, चाहत्यांनी एकजूट दाखवली तर कंपनी नमते. हो, नमते! 'जस्टिस लीग' नावाचा सिनेमा २०१७ साली आला, लोकांना आवडला नाही. मूळ दिग्दर्शक झॅक स्नायडर याची आवृत्ती आम्हाला दाखवा म्हणून चाहत्यांनी काही वर्षे आंदोलन केले. २०२१ च्या मार्चमध्ये कंपनी नमली आणि चार तासांचा सिनेमा आला. विजय असो! पण या संपात कामगारांनी मिळवले काय? आधी दोन तास विकत घेतले होते, आता चार तास विकत घेण्याचा हक्क. असा करार आमच्या युनियनने केला असता तर पुढाऱ्याला मागच्या दाराने पळावे लागले असते.

आपल्याकडचे निर्मातेही हे शिकले. 'बाहुबली'च्या पहिल्या भागाने २०१५ च्या जुलैत एक प्रश्न लोंबकळत ठेवला, की कट्टप्पाने बाहुबलीला का मारले? २०१७ च्या एप्रिलपर्यंत देशाला दुसरे काम नव्हते. उत्तर मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आजतागायत कोणी तो प्रश्न विचारलेला नाही. 'क्रिश'चे तर हिशेबात बसणारेच नाही. २००६ साली 'क्रिश' आला आणि २०१३ साली एकदम 'क्रिश ३'. दोन नंबर कुठे? तर २००३ चा 'कोई मिल गया' हा एक नंबर धरायचा. माझ्याकडे व्हाउचर असे लागले असते तर मला मेमो मिळाला असता. चौथ्याची वाट पाहण्यात दहा वर्षांहून जास्त गेली. २०२५ च्या मार्चमध्ये काय जाहीर झाले, तर दिग्दर्शन आता नायकच करणार. झाले! थिअरीवाल्यांना पुन्हा काम.

आणि मुंज्या! मुंज झाल्यावर सोडमुंजीआधी मेलेले पोर म्हणजे मुंज्या, ते पिंपळावर राहते, ही गोष्ट आमच्या आजीने एका रात्रीत, कंदिलाची वात खाली करता करता संपवली होती. 'मुंज्या'चा सिनेमा २०२४ साली आला, आदित्य सरपोतदार या आपल्या मराठी माणसाने केला, चांगला केला, आम्ही सहकुटुंब पाहिला. पण तो एकटा नव्हता. 'स्त्री', 'भेडिया' असे त्याचे गणगोत होते. २०२५ च्या सुरुवातीलाच निर्मात्यांनी २०२८ पर्यंतच्या आठ सिनेमांची नावे आणि मुहूर्त एकदम जाहीर केले. त्यात 'महामुंज्या' आहे आणि शेवटी दोन महायुद्धे आहेत. आजीच्या पिंपळावर एक मुंज्या होता, आता हाऊसिंग सोसायटी झाली.

मी हे सारे एका रविवारी पुतण्याला ऐकवले. तो शांतपणे म्हणाला, "काका, तुम्ही बँकेत वेगळं काय करता? तुमचा पगारवाढीचा करार व्हायचा होता, तेव्हा तुमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय होता का?"

वकील चांगला झाला असता. गोष्ट खरी आहे. आमचा बारावा द्विपक्षीय करार १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू व्हायचा होता, त्यावर सह्या झाल्या ८ मार्च २०२४ ला. ते सोळा महिने आम्ही टक्केवारीच्या थिअऱ्याच करत होतो. अमका पुढारी दिल्लीला विमानाने गेला म्हणजे पंधरा टक्के, रेल्वेने गेला म्हणजे बारा. शेवटी सतरा टक्के मिळाले. शिवाय आम्हा कारकुनांचे नाव बदलून 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' झाले. सुपरहीरोसारखे नाव मिळाले, शक्ती पूर्वीचीच राहिली.

पण यात दोन फरक आहेत, आणि माझे सारे भांडण त्या दोन फरकांचे आहे. एक, त्या करारावर आमच्या माणसांची सही असते. आमचा तर्क बंद खोलीत टेबलापर्यंत पोहोचतो. आम्हाला नाही पटले तर आम्ही संप करतो, निदान काळ्या फिती लावतो. दुसरा फरक त्याहून मोठा. आम्हाला ॲरिअर्स मिळाले! सोळा महिने वाट पाहिली त्याचे सोळा महिन्यांचे पैसे हिशेब करून खात्यात जमा झाले. वाट पाहण्याचेही मोल असते हे जगात ज्यांना कळले ते बँकवाले. 'डूम्सडे'ची तारीख साडेसात महिने पुढे ढकलली. ॲरिअर्स कोठे आहेत?

पुतण्या हसला. मग म्हणाला, "काका, तुमचं बरोबर आहे. पण तिथं तारीख पुढं गेली तरी पिक्चर येतो."

हे वाक्य मला हसण्यावारी नेता आले नाही. हा मुलगा आयटीआय झालेला. चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटदाराकडून लागला आहे. काही महिने झाले की ब्रेक. ब्रेकनंतर बोलावतील तर बोलावतील. त्याच्या हाताखाली तयार झालेली गाडी कोणत्या देशात जाणार हे त्याला ठाऊक असते, आपण पुढच्या महिन्यात कोणत्या गेटवर असू हे नसते. तर्क करण्याचे शिक्षण त्याला सिनेमाने दिलेले नाही, गेटने दिले आहे. सुपरवायझरने आज नावाने हाक मारली, म्हणजे काय? नव्या मुलांची बॅच शिकायला आणली आहे, ती कोणाच्या जागी? बसच्या यादीत आपले नाव खाली का सरकले? ही त्याची खरी थिअरी, आणि तिचा ट्रेलर निघत नाही. अशा मुलाला, ज्याचा पुढचा भाग येणारच असे एक जग रात्री बारा वाजता दिसले, तर तो तिकडे जाऊन बसेल नाहीतर काय करील? तिथे मेलेलासुद्धा परत कामावर घेतात!

म्हणूनच माझा राग मुलांवर नाही. ज्यांच्या पुढच्या महिन्याचा भरवसा नाही त्यांना पुढच्या दहा सिनेमांचा भरवसा विकायचा, आणि त्या भरवशाच्या बदल्यात त्यांच्याकडून रात्रीचे काम काढून घ्यायचे, हा जो धंदा आहे त्याच्यावर माझा राग आहे. आणि थोडा आम्हा वडीलधाऱ्यांवर आहे, जे या मुलांना 'रिकामटेकडी' म्हणतात. आमच्या महापालिकेतल्या एकशे अठ्ठावीस नगरसेवकांच्या खुर्च्या २०२२ च्या मार्चमध्ये रिकाम्या झाल्या, आणि थेट २०२६ च्या जानेवारीत निवडणूक होईपर्यंत जवळजवळ चार वर्षे रिकाम्याच राहिल्या. २०१९ च्या नोव्हेंबरात शहरात दिवसाआड पाणी सुरू झाले आणि वर्षानुवर्षे तसेच चालले. या काळात आम्ही काय केले? टाकी मोठी बसवली. त्या रिकाम्या खुर्च्या पाच तास सोडा, पाच मिनिटे कोणी टक लावून पाहिल्या नाहीत. त्या मुलांना निदान रिकामी खुर्ची दिसली की 'येथे कोण बसणार?' हा प्रश्न तरी पडतो. हा गुण आहे. तो सातासमुद्रापलीकडच्या कंपनीला फुकट द्यायचा की येथल्या गेटवर, युनियनच्या सभेत, वॉर्डात वापरायचा, एवढाच वाद आहे.

तर आमच्या शहराच्या रिवाजाप्रमाणे मी येथे मागण्यांची सनद सादर करतो. एक, सिनेमा येण्याआधी केलेला तर्क हा ओव्हरटाइम धरावा आणि दुप्पट दराने पैसे द्यावेत. तर्क खरा ठरल्यास वेगळा इन्सेंटिव्ह. दोन, तारीख पुढे गेल्यास ॲरिअर्स द्यावेत, रोख जमत नसेल तर पॉपकॉर्नच्या रूपात. तीन, शेवटच्या नावांनंतर दृश्य ठेवायचेच असेल तर त्या दहा मिनिटांचा बैठक भत्ता द्यावा. चार, वारलेला नायक परत आणायचा असल्यास मृत्यूचा दाखला रद्द केल्याचे पत्र आणि दोन जामीनदार सादर करावेत. आमच्याकडे मयत खात्याला हाच नियम आहे. पाच, आणि ही मागणी मागे घेतली जाणार नाही, बक्षीस म्हणून रिकामे पाकीट चालणार नाही.

मागण्या मान्य होईपर्यंत मुलांनी सिनेमे जरूर पाहावेत, टाळ्या वाजवाव्यात, शिट्ट्या माराव्यात. फक्त तर्क बंद ठेवावेत. महिनाभर हे 'पेन डाउन' झाले, तर कंपनीला आपणहून सांगावे लागेल की डूम कोण आहे, कारण विचारणारे कोणी उरणार नाही.

ज्यांना हे सारे अतिरेकी वाटते त्यांना माझे एवढेच सांगणे, की दिवाळीच्या तोंडावर भोसरीपासून चाकणपर्यंत कोणत्याही एका कारखान्याच्या गेटवर बोनसचे म्हणून बाहेर अभिनंदन छापलेले रिकामे पाकीट वाटून पाहा. पुढे काय होईल याचा तर्क करायला एकाही थिअरीवाल्याची गरज पडणार नाही.